प्रौढांपैकी ई-सिगारेट कोण जास्त ओढतं, आणि का?

सगळ्यात ठळक घटक वय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणात ई-सिगारेट वापरणारे प्रौढ 2019 मध्ये 4.5 टक्के होते, 2023 मध्ये 6.5 टक्के झाले. पण 21 ते 24 वयोगटात हेच प्रमाण 15.5 टक्के! पुरुष स्त्रियांपेक्षा थोडे पुढे.

दुसरा मोठा घटक म्हणजे आधीची सिगारेट. सोडायची म्हणून ई-सिगारेट घेतात आणि बरेच जण दोन्ही ओढत राहतात. मला याचीच जास्त काळजी वाटते, कारण निकोटिनची तलफ तशीच राहते. शिवाय फळांचे स्वाद, मित्रमंडळी, मनावरचा ताण. मात्र ताणामुळे व्यसन की व्यसनामुळे ताण, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

भारतात 2019 पासून विक्री आणि आयात दोन्हींवर बंदी आहे, त्यामुळे परदेशातून येताना सोबत आणू नका.