रंगरेषा : देव आपल्याकडे का बघत नाहीत?

प्रश्न : मुलीला घेऊन पिंगुळीला ठाकर समाजाची कला बघायला गेले होते. चित्रकथीची जुनी चित्रं बघून ती म्हणाली, "आई, यांना समोरून चेहरा काढता येत नव्हता का? सगळे बाजूलाच बघतायत. आणि डोळे केवढे!" आमच्या देवघरातली कॅलेंडरची लक्ष्मी कशी खऱ्या बाईसारखी दिसते. मला काही उत्तर सुचलं नाही.
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : ताई, हायस्कुलात चित्रकला शिकवताना पोरं मला हेच विचारायची, फक्त जरा तिरकसपणे.

येत होतं की नव्हतं, ते राहू दे बाजूला. चित्रकथी म्हणजे चित्रं दाखवत, गाऊन सांगायची गोष्ट; तेव्हा ते चित्र कुठे आणि कसल्या उजेडात धरलं जायचं ते बघा. देवळाचा सभामंडप, रात्रीची वेळ, तेलाचा दिवा. दोन दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. एका आख्यानाच्या अशा सुट्या पानांची एक पोथी. सांगणारा पान उभं धरणार, टाळ आणि हुडूक वाजणार, प्रसंग संपला की पान उलटणार. मागच्या खांबाला टेकलेल्या आजोबांना त्या उजेडात गालाची गोलाई न् नाकाची सावली दिसणार आहे थोडीच? त्यांना ठसठशीत काळी रेघ दिसते, सपाट लाल दिसतो, टोकदार नाक आणि टपोरा डोळा दिसतो. हात वर गेलाय की जोडलाय, तेवढं कळलं की पुरे. बाकीचं काम गळ्याचं.

आता बाजूला बघण्याचं. चित्रकथीतली माणसं बहुतेक वेळा एकमेकांकडे बघतात, कारण गोष्ट त्यांच्यात चाललेली आहे. आपण बाहेरून ऐकणारे. कॅलेंडरची लक्ष्मी तुमच्याकडे बघते, कारण तुम्ही तिच्यापुढे हात जोडता. तिच्या शेजारी बसून कोणी कथा सांगत नाही. देवघरात मान वळवलेली लक्ष्मी तुम्ही तरी लावाल का?

ही लक्ष्मी आली ती छापखान्यातून. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापील चित्रं तिथून घरोघर गेली. छाया-प्रकाशाची युरोपीय रीत, अंगावर साडी, आणि चेहरा असा की कुठल्याही प्रांतातल्या बाईला आपला वाटावा. एकच चित्र देशभर खपवायचं तर दुसरं काय करणार? आपल्याकडे अशी चित्रं आणि पुढे कॅलेंडरं चाकरमान्यांच्या ट्रंकेतून आली. दिवसाउजेडी, वर्षभर, त्याच खिळ्यावर. एवढा वेळ बघायचं म्हटल्यावर बारकावे हवेतच.

तिसरा नमुना तर आपल्या सावंतवाडीतच आहे. गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते. दशावतारी गंजिफाच्या संचात 120 पानं, दहा अवतारांची बारा-बारा. पान गोल, तळहातात मावणारं. खेळताना एकावर एक सरकवून धरायचं, म्हणजे निम्मं झाकलेलंच. म्हणून मासा, कासव अशा खुणा आणि प्रत्येक अवतारामागे वेगळ्या रंगाची जमीन. तिथे चेहऱ्याला कोण विचारतो! आणि जत्रेतल्या दशावतारी नाटकाला या: संकासुर राक्षसाचा काळा वेष आणि लोंबणारी लाल जीभ पेट्रोमॅक्सच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या पोराला आईच्या पदराआड धाडते. तोच संकासुर मोबाइलवर जवळून बघा, हसू येतं. त्यात संकासुराचा काय दोष?

मुलीला एक प्रयोग करायला सांगा. रात्री लाइट जाईल तेव्हा (आपल्याकडे त्यासाठी फार थांबावं लागत नाही) दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून ठेवा, निरांजन लावा आणि ओटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसा. लक्ष्मीचा चेहरा आधी नाहीसा होतो की चित्रकथीतला डोळा, ते तिचं तिलाच दिसेल.

हल्ली चित्रकथीची चित्रं चौकटीत घालून पर्यटकांना विकली जातात. आता गळा नाही, म्हणून कडेला वेलबुट्टी वाढते, पान गच्च भरतं. आमचे काही मित्र याला भेसळ म्हणतात. मला नाही पटत; गिऱ्हाईक बदललं की हात बदलणारच, आणि चित्रकाराला पोट आहे. मला खटकतं ते निराळंच. आख्यानातली माणसं उचलून लग्नपत्रिकेवर नवरा-नवरी म्हणून छापतात. मध्यंतरी अशा एका पत्रिकेवर मी चक्क रावण आणि सीता शेजारी शेजारी पाहिले. खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय'!

प्रश्न : आमचा घरचा गणपती वाडीतल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या जागी, पिढ्यान् पिढ्या होतो. यंदा मुंबईच्या भावाने तिथल्या एका मंडळाच्या मूर्तीचा फोटो पाठवलाय, "अगदी अशीच हवी" म्हणून. मूर्तिकार काका कुरकुरतायत. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, कणकवली

उत्तर : काकांचं. मंडळाची मूर्ती वीस फुटी, रांगेत उभं राहून खालून बघायची, वर झगझगीत दिवे. म्हणून छाती रुंद, कंबर बारीक आणि नजर खाली झुकवलेली. तीच दीड फुटावर आणून पाटावर बसवलीत, की तुम्ही समोर आरतीला बसणार आणि बाप्पा तुमच्या गुडघ्यांकडे बघणार. फेटा, दागिने, पितांबराचा रंग यांत भावाची हौस भागवा. डोळे मात्र काकांना त्यांच्या हिशेबाने आखू दे. आणि पाट लवकर नेऊन द्या. चतुर्थी तोंडावर आली की डोळ्यांसाठी सगळ्या वाड्यांची रांग लागते.