‘तुमच्यात लीडरशिप दिसत नाही’ या वाक्यानंतर

नोकरी करता करता पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का, हे विचारायला समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांत पस्तिशी ओलांडलेल्या अभियंत्यांची संख्या मोठी असते आणि त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘आता या वयात झेपेल का?’ या प्रश्नाला मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही, कारण त्याच्या आड दुसराच एखादा प्रश्न दडलेला असतो, असा माझा अनुभव आहे. तो कसा बाहेर येतो, हे एका बाईंच्या अनुभवावरून सांगते. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्या प्रथम आल्या तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या. आधी डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन इलेक्ट्रॉनिक्समधील बी. ई., आणि त्यानंतर चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात १४ वर्षे नोकरी. राहायला निगडीला. घरी पती, नववीतला मुलगा आणि मधुमेह असलेल्या सासूबाई. कारखान्यातील यंत्रांच्या पीएलसीमधून, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकांतून, माहिती गोळा करून उत्पादनाची प्रत्येक घडामोड पडद्यावर दाखवणारी प्रणाली त्यांनी जवळजवळ एकटीने उभी केली होती. पुढे कंपनीने त्याच कामासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि त्याचे प्रमुखपद त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी कनिष्ठ असलेल्या, एमबीए झालेल्या सहकाऱ्याला दिले. वरिष्ठांकडे गेल्यावर उत्तर मिळाले, “तुमचे टेक्निकल काम उत्तमच आहे, पण तुमच्यात लीडरशिप दिसत नाही.”

त्या आठवड्यात त्यांनी रात्री जागून अभ्यासक्रम शोधले. माझ्यासमोर त्यांनी तीन माहितीपत्रके ठेवली. एक डेटा सायन्सचे, एक कृत्रिम बुद्धिमत्तेचे आणि तिसरे ‘तंत्रज्ञान व नेतृत्व’ असे भारदस्त नाव असलेले. तिसऱ्यासाठी एका कंपनीतून रोज दोनदा फोन येत होता, जागा उद्यापर्यंतच शिल्लक असल्याचे सांगितले जात होते आणि शुल्क हप्त्यांनी भरण्यासाठी कर्जाचा अर्ज त्यांच्या नावे अर्धा भरूनही झाला होता. फोन करणारी व्यक्ती स्वतःला ‘काउन्सेलर’ म्हणवत होती, याचे मला मनापासून वाईट वाटते. समोरच्याला आज रात्रीच पैसे भरायला लावणे हे समुपदेशकाचे काम नव्हे. मी त्यांना एवढेच सांगितले की, महिनाभर कोणालाही एक रुपयाही देऊ नका. शिक्षणाची दारे वर्षातून निदान एकदा पुन्हा उघडतातच.

मग मी विचारले, “लीडरशिप दिसत नाही, म्हणजे नेमके कधी दिसली नाही?” त्यांना सांगता येईना. त्या वाक्याने त्या इतक्या दुखावल्या होत्या की त्याचा अर्थ विचारण्याचे बळच उरले नव्हते. पहिल्या भेटीतला गृहपाठ म्हणून मी त्यांना वरिष्ठांकडे पुन्हा पाठवले. तक्रार करायला नव्हे, तर दोन ठळक प्रसंग विचारून घ्यायला. हे अवघड काम होते आणि त्यांनी ते दहा दिवस टाळले. अखेर विचारले तेव्हा वरिष्ठांनी खरोखरच दोन प्रसंग सांगितले, आणि त्या दोन प्रसंगांनी सगळा विचार वेगळ्या दिशेला नेला.

पहिला प्रसंग आढावा बैठकीतला होता. एका लाइनची ओईई, म्हणजे यंत्राची उपलब्धता, वेग आणि मालाची गुणवत्ता यांच्या गुणाकारातून निघणारी टक्केवारी, त्यांनी ६८ वरून ७४ वर आणली होती. कारखानाप्रमुखांनी विचारले की, या सहा टक्क्यांचे वर्षाला किती रुपये होतात? बाईंना तिन्ही घटकांची फोड तोंडपाठ होती, मात्र रुपयांचा आकडा सांगता आला नाही. दुसऱ्या प्रसंगी प्रणालीचा पुढचा टप्पा लगेच घ्यावा की थांबावे, असे त्यांचे मत विचारले गेले आणि त्या म्हणाल्या, “सर, तुम्ही म्हणाल तसे.” त्यांच्या दृष्टीने हा नम्रपणा होता. बैठकीतल्या लोकांना मात्र वाटले की, ज्यांना हे काम सर्वांत जास्त कळते त्यांनीच निर्णयाची जबाबदारी नाकारली.

हे ऐकून त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मॅडम, मी तर आणखी एक टेक्निकल कोर्स घ्यायला निघाले होते.” तंत्रज्ञांच्या बाबतीत हे फार वेळा घडते, आणि ते स्वाभाविकही आहे. मनाला टोचणी लागली की माणूस जे त्याला चांगले येते तेच आणखी शिकू लागतो, कारण तिथे अपमान होण्याची भीती नसते. बाईंना डेटा सायन्सची गरज नव्हती असे नाही, पण त्यांची वाट अडली होती ती पैशाच्या भाषेपाशी आणि अपुऱ्या माहितीवर ठाम मत देण्याच्या सवयीपाशी. गुंतवणूक किती वर्षांत वसूल होते, भांडवलाला किंमत असते म्हणजे काय, खरेदी, उत्पादन आणि गुणवत्ता या तीन विभागांची ओढाताण कशी मिटवायची, हे विषय त्यांनी आयुष्यात कधी शिकलेच नव्हते. तंत्रज्ञान व्यवस्थापनाच्या चांगल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात हेच विषय असतात. म्हणून शिक्षण घ्यायचे हे ठरले, पण कोणते, याचे उत्तर तिन्ही माहितीपत्रकांच्या बाहेर होते.

इथे मान्यतेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या एका बाबतीत सुशिक्षित माणसेही फसलेली मी पाहिली आहेत. ‘एक्झिक्युटिव्ह पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्रॅम’ असे नाव असले म्हणजे पदवी मिळते असे नाही. पुष्कळदा ते केवळ प्रमाणपत्र असते. प्रमाणपत्र वाईट नसते, नामवंत संस्थेचे असेल तर कामातही उपयोगी पडते, परंतु पुढे पीएच.डी.ला प्रवेश हवा असेल किंवा सरकारी जागेसाठी अर्ज करायचा असेल तर ते पदवीच्या जागी चालत नाही. एमबीए ही विद्यापीठाची पदवी असते, तर पीजीडीएम हा संस्थेचा डिप्लोमा असून त्यासाठी तंत्रशिक्षणाचे नियमन करणाऱ्या एआयसीटीईची मान्यता पाहावी लागते. ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने एमबीए करता येते, मात्र त्या विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमासाठी आणि त्याच सत्रासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, परवानगी आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहावे. विक्रेत्याने पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. अभियांत्रिकीचे तसे नाही. दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणासाठीच्या यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार अभियांत्रिकीची पदवी त्या मार्गाने देता येत नाही. या प्रकरणाची धग किती असते, हे नोव्हेंबर २०१७ मध्ये दिसले होते, जेव्हा काही अभिमत विद्यापीठांनी दूरस्थ पद्धतीने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्या सर्वोच्च न्यायालयाने अडचणीत आणल्या आणि त्यांच्या आधारे बढती मिळालेल्या नोकरदारांच्या पायांखालची जमीन सरकली. परदेशी विद्यापीठांची पदवी एखाद्या शिकवणी कंपनीमार्फत देऊ करणाऱ्या जाहिरातींबद्दलही यूजीसीने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता. बाईंच्या हातातल्या तिसऱ्या माहितीपत्रकात ‘पदवी’ हा शब्द एकदाही आलेला नव्हता. हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, आणि घाईत ते कोणाच्याच लक्षात येत नाही.

नोकरदारांसाठीचे चांगले मार्ग नाहीत असे मुळीच नाही. पिलानीची बिट्स ही संस्था १९७९ पासून कामाशी जोडलेले शिक्षण देत आली आहे. मुंबईची नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था, जी २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, ती तर उद्योगातल्या अभियंत्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच वाढली. पुण्यातही शनिवार-रविवारी वर्ग भरवणाऱ्या संस्था आहेत. बाईंनी अखेर अशाच एका विद्यापीठाचा, तंत्रज्ञान व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम निवडला. तो सर्वांत नावाजलेला नव्हता, पण त्यात वित्त, प्रकल्प मूल्यमापन आणि संघटनेतील वर्तन हे तिन्ही विषय पहिल्याच वर्षी होते आणि शेवटचा प्रकल्प स्वतःच्या कारखान्यातला घेण्याची मुभा होती.

पण त्याआधी मूळ प्रश्न शिल्लक होताच : झेपेल का?

मी त्यांना आठवड्याचे तास मोजायला सांगितले. आठवड्यात १६८ तास असतात. नोकरीचे ४८, कंपनीच्या बसमधले ९, झोपेचे ४९ वजा केले तर कागदावर ६२ तास उरतात, आणि त्यांतले १५ तरी अभ्यासाला सहज मिळतील असा त्यांचा अंदाज होता. दोन आठवडे वहीत प्रत्यक्ष नोंद ठेवल्यावर मात्र खरे मोकळे तास निघाले साडेसहा, आणि तेही रात्री दहानंतरचे. त्या वहीने त्यांना रडू आले. मला ती वही फार मोलाची वाटते, कारण ‘तुला जमेलच’ असे म्हणणाऱ्या कोणालाही त्या साडेसहा तासांची कल्पना नसते.

पुढच्या भेटीला मी त्यांच्या पतींना बोलावले. ते मनाने चांगले, शिक्षणाला पाठिंबा देणारे गृहस्थ; आल्याआल्याच म्हणाले, “मी सगळी मदत करीन.” मी त्यांना नम्रपणे सांगितले की, मदत या शब्दात काम तिचेच राहते आणि आठवण ठेवण्याचे ओझेही तिचेच राहते, त्यामुळे एखादे काम पूर्णपणे स्वतःकडे घ्या. मग कागदावर वाटणी झाली. सासूबाईंची औषधे, साखरेची तपासणी आणि दवाखान्याच्या फेऱ्या पतींकडे आल्या. शनिवारचा बाजार त्यांच्याकडेच गेला. संध्याकाळच्या पोळ्यांना बाई लावायचे ठरले. सासूबाईंना हे कसे वाटेल याची दोघांनाही धास्ती होती. प्रत्यक्षात त्या म्हणाल्या की, मला सातवीतून काढले होते, सूनबाई शिकत असतील तर पोळी कोणाच्या हातची हे मी बघणार नाही. हे सांगताना बाईंचा आवाज भरून आला होता.

तरीही एकदम दोन वर्षांत उडी घेण्यापूर्वी त्यांनी एक रंगीत तालीम करावी, असे मी सुचवले. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणमंचावर वित्त व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम विनामूल्य करता येतो. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. त्यांनी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम घेतला. तिसऱ्या आठवड्यात कारखान्यात आयएटीएफचे, म्हणजे वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे, लेखापरीक्षण आले आणि एक गृहपाठ बुडाला. “झाले, मला जमत नाही,” असा त्यांचा फोन आला. आठांपैकी उत्तम सहा गृहपाठांचेच गुण धरले जातात, हे त्यांनी नियमावलीत वाचले नव्हते. ते वाचल्यावर त्या पुढे गेल्या आणि केंद्रावर जाऊन परीक्षा देऊन उत्तीर्ण झाल्या. गुण साधारण होते, पण आठ आठवड्यांत घराची नवी घडी टिकली, हे त्या गुणांपेक्षा मोठे होते.

पैशाचा हिशेबही सरळ मांडला. कंपनीने शुल्क देण्यास नकार दिला, मात्र महिन्यातून दोन शनिवार पाळी बदलून देण्याचे पत्र दिले. ते तोंडी न ठेवता लेखी घ्या, असा माझा आग्रह होता. शुल्क कंपनी भरत असेल तर किती वर्षे नोकरी सोडता येणार नाही, ही अट सही करण्यापूर्वी वाचलीच पाहिजे. बाईंनी निम्मी रक्कम बचतीतून भरली आणि उरलेल्यासाठी बँकेचे शैक्षणिक कर्ज घेतले, ज्याच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षांपर्यंत वजावट मिळू शकते. नव्या करप्रणालीत ती मिळत नाही, म्हणून दोन्हींचा हिशेब मांडूनच निवड करावी लागते.

आता त्या तिसऱ्या सत्रात आहेत. बढती अजून मिळालेली नाही. मधल्या एका आढावा बैठकीत त्यांनी पुढचा टप्पा सहा महिने थांबवावा असे स्वतःहून सुचवले, लाइन तासभर बंद पडल्यास किती रुपये बुडतात तो आकडा मांडला, आणि त्यांचे म्हणणे अर्धेच मान्य झाले. घरी जाताना बसमधून त्यांनी मला फोन केला, तेव्हा त्या आनंदात होत्या की अस्वस्थ, हे मला ओळखता आले नाही, बहुधा दोन्ही.

गेल्या महिन्यात त्या पुन्हा आल्या. मुलगा दहावीत आहे, त्याची बोर्डाची परीक्षा आणि त्यांची सत्रपरीक्षा एकाच पंधरवड्यात येते आहे. दोन्ही वेळापत्रके टेबलावर शेजारी शेजारी ठेवून आम्ही तासभर बसलो. विद्यापीठाच्या नियमांत एक वैकल्पिक विषय पुढच्या सत्रात नेण्याची सोय आहे. त्यांनी वित्ताचा पेपर ठेवला, वैकल्पिक विषय पुढे ढकलला आणि बीजगणिताच्या पेपरच्या आदल्या दिवसाची रजा तिथेच बसून मोबाइलवरून टाकली.