शाळेत चित्रकला शिकवताना स्वतःचं चित्रकाम कसं टिकवायचं?

ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करून शाळेत लागलं की एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांची तयारी, फलकलेखन आणि स्नेहसंमेलनाची सजावट यातच वर्ष सरतं, हे खरं. तरी स्केचबुक सोडू नका. मुलं स्थिरचित्र काढत असतील तेव्हा त्यांच्यातच बसून तोच तांब्या, तीच वांगी तुम्हीही रंगवा. तांब्यावरची चकाकी कागद कोरा सोडून कशी राखायची, हे फळ्यावरून कळत नाही. तुमचा ब्रश कुठे थांबतो ते बघून कळतं. माझ्या मते यापेक्षा चांगलं प्रशिक्षण नाही, तुमचंही आणि त्यांचंही. जमल्यास ए.एम. (आर्ट मास्टर) हा कलाशिक्षकांसाठीचा पुढचा अभ्यासक्रम करा. राज्य कला प्रदर्शनाला किंवा १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला चित्र पाठवा. निवडीची चिंता नको. मुदत समोर असली की अर्धवट चित्रं हातावेगळी होतात.