गरिबी ही माणसाची स्वतःची चूक की समाजाची? समाजशास्त्र काय सांगतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आळस, व्यसन आणि लग्नातली उधळपट्टी हीच कारणं दिसतात. आत्याच्या लग्नापासून माझे चुलते हेच म्हणत आलेत, म्हणून लिहिते.

माझे आईवडील ऊसतोड कामगार. गाव बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात. दसरा झाला की घराला कुलूप आणि पाच-सहा महिने सांगलीकडच्या उसाच्या फडात. आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा विहीर चुलत्यांकडे गेली, आमच्याकडे माळ आला. चुलत्यांनी कधी कोयता धरला नाही. वडील आणि चुलते, दोघांनाही तंबाखूपलीकडे व्यसन नव्हतं.

वडिलांची वही माझ्याकडे आहे. 1999 च्या हंगामाची जोडीची उचल, म्हणजे मुकादमाने (मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने) आगाऊ दिलेले, तोडणीतून फेडायचे पैसे, 20 हजार. त्यातले 12 हजार आत्याच्या लग्नाला गेले. खर्च दोघा भावांनी निम्मा-निम्मा केला होता. चुलत्यांनी कांदा विकून आलेल्या पैशातून, वडिलांनी उचलीतून. लग्न एक, बहीण एक, आकडा एक. तरी उधळे ठरले ते माझे वडील.

डिसेंबरात आई तापाने पडली. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. एक जण बसला की जोडीचा खाडा. मुकादमाने 11 खाडे मांडले. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, तेव्हा अंगावर 6,300 रुपये बाकी. ती फेडायला पुढच्या वर्षी त्याच मुकादमाची गाडी. मी दुसरीत होते. दसऱ्यानंतर शाळा नाही. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, माझ्या धाकट्या भावाला सांभाळायचं.

आता समाजशास्त्र. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ ऑस्कर लुईसने मेक्सिकोतल्या कुटुंबांवरून 'दारिद्र्याची संस्कृती' मांडली: गरिबीतल्या सवयी मुलांमध्ये लहानपणीच मुरतात. चुलत्यांचं म्हणणं याच्या जवळचं, आणि मला ते पटत नाही. आमच्या घरात पिढीतून पिढीत गेली ती बाकी. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गान्सने 1972 मध्ये वेगळाच प्रश्न विचारला, गरिबीचा उपयोग कोणाला होतो? कष्टाची, धोक्याची, कमी पैशाची कामं करायला माणसं हाताशी राहतात, हे त्याचं पहिलं उत्तर. फडात राहिलेल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. उचलीपायी दुसरीकडे काम धरायचं स्वातंत्र्य जाणं, हे 1976 चा कायदा वेठबिगारीत धरतो.

दारिद्र्यरेषेबद्दलही विचारलंत. ती रेघ खर्चावरून ठरते, कर्ज तिला दिसत नाही. लग्नाच्या महिन्यात आम्ही कुठल्याही रेघेच्या वरच असणार.

लुईसवर थोडा अन्याय झाला. या सवयी म्हणजे तळाला ढकललेल्या माणसांनी परिस्थितीशी जुळवून घेणं, असंही त्याने म्हटलंय. आणि फडावर दारू चालते, बायकांना मार बसतो, हे मी पाहिलंय. ते नाकारत नाही. गान्सचाही रोख गरिबी चांगली आहे असं म्हणण्याचा नव्हता.

परीक्षेत दोन्ही बाजू लिहा, गुण मिळतील. पण 'त्यांच्या हातात पैसा टिकत नाही' असं घरात कोणी म्हणालं, तर विहीर कोणाच्या वाटणीला गेली ते आधी विचारा. मी चुलत्यांना गेल्या दिवाळीत विचारलं, वहीतलं लग्नाचं पान समोर ठेवून. "त्या साली कांद्याला भाव होता," एवढंच म्हणाले.