जर्मनीत राहायला जाताय? आधी 'धर्म' या रकान्याचं बघा

प्रश्न थोडक्यात असा : वसईचं कॅथलिक कुटुंब, नवऱ्याला कोलोनला नोकरी, बरोबर बायको आणि सात वर्षांची मुलगी. नोंदणीच्या फॉर्मवर धर्म काय लिहायचा, मिस्साचं (चर्चमधल्या मुख्य उपासनेचं) काय, रविवार कसे जातात, आणि एका दिवसात कुठं जाऊन येता येईल?

फिरण्याचं नंतर, आधी फॉर्म. तिथं चुकलात तर ते दर महिन्याच्या पगारात दिसतं.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. याला आनमेल्डुंग म्हणतात. सगळ्यांचे पासपोर्ट, लग्नाचा आणि मुलीचा जन्माचा दाखला, आणि घरमालकानं सही करून दिलेला 'हे लोक इथं राहतात' असा कागद न्यायचा. नुसता भाडेकरार चालत नाही. बहुतेकांची फेरी इथंच फुकट जाते. मोठ्या शहरात वेळ लवकर मिळत नाही, म्हणून घर पक्कं झालं की लगेच ऑनलाइन वेळ घ्या.

त्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. आपल्याकडच्या सवयीनं माणूस तो सहज भरून टाकतो. तिथं मात्र तो करखात्याकडे जातो. रोमन कॅथलिक लिहिलंत की पगारातून किर्शनश्टॉयर, म्हणजे चर्चकर, कापला जातो. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत 8 टक्के, बाकी सगळीकडे, म्हणजे कोलोनलाही, 9 टक्के. हे टक्के पगारावर नाहीत, आयकरावर आहेत. महिन्याला 600 युरो आयकर कापला जात असेल तर चर्चकर 54 युरो. मूल असेल तर तो मोजताना मुलाची सूट आधी वजा होते, त्यामुळे स्लिपवरचा आकडा 9 टक्क्यांपेक्षा कमी दिसला तर ती चूक नव्हे. भरलेला चर्चकर वर्षाच्या विवरणात खर्च म्हणून दाखवता येतो, तो दाखवायला विसरू नका. बायको कमावत नसेल तर तिच्या नावानं वेगळी कपात होत नाही.

'मग रकाना कोरा सोडू का?' बरेच जण हेच सुचवतात. मला हा सल्ला पटत नाही. बाप्तिस्मा वसईत झाला म्हणून जर्मनीत सुटका नसते. कॅथलिक माणूस जिथं राहायला जातो तिथल्या धर्मप्रांताचा (बिशपच्या हद्दीचा) होतो, आणि तिथला कायदा हे मानतो. पुढं मुलीच्या पहिल्या ख्रिस्तशरीरासाठी (फर्स्ट कम्युनियनसाठी) बाप्तिस्म्याचा दाखला धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कचेरीत दिलात की तुम्ही कॅथलिक आहात हे उघडच होतं, आणि मागचा कर मागितला जाऊ शकतो. कर नकोच असेल तर सरळ वाट म्हणजे चर्चमधून बाहेर पडल्याचं जाहीर करणं. कोलोन ज्या राज्यात आहे तिथं हे स्थानिक न्यायालयात होतं, फी 30 युरो. पण जर्मन बिशपांच्या 2012 च्या आदेशानुसार असं बाहेर पडलेल्याला संस्कार घेता येत नाहीत, आणि बाप्तिस्म्याला धर्मपिता-धर्ममाता म्हणून उभं राहता येत नाही. मिस्साला जाणाऱ्या माणसानं 54 युरो वाचवण्यासाठी हे करावं का, ते ज्याचं त्यानं ठरवावं. कचेरीत खिडकीसमोर उभं राहून मात्र ठरवू नये.

नगर-सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट वाचकांनी एक लक्षात ठेवावं. 'इव्हांगेलिश' या शब्दाचा अर्थ तिथं 'प्रोटेस्टंट' एवढाच नाही. तो लिहिला की तुम्ही तिथल्या प्रादेशिक प्रोटेस्टंट चर्चचे सभासद धरले जाता आणि कर सुरू होतो. स्वतंत्र मंडळ्या बहुतेक देणग्यांवर चालतात, त्यांचा असा कर नसतो. आपली मंडळी तिथल्या कुठल्या चर्चशी जोडलेली आहे हे पाळकांना निघण्यापूर्वी विचारून घ्या.

निघताना तिघांचेही बाप्तिस्म्याचे दाखले इंग्रजीत, धर्मग्रामाच्या शिक्क्यासह घ्या. मराठी दाखल्याचं अधिकृत भाषांतर तिथं करून घ्यायचं तर पैसे पडतात. लग्नाचा चर्चचा दाखलाही घ्या. मुलगी सात वर्षांची आहे, म्हणजे घाई आहे. पहिलं ख्रिस्तशरीर तिथं साधारण तिसरीत असतं, तयारीचे वर्ग आधीच्या शरद ऋतूत सुरू होतात आणि सोहळा ईस्टरनंतरच्या आठवड्यांत होतो. वर्ग जर्मनमध्येच. पोरं भाषा पटकन उचलतात, आईबापांच्या सभेत मात्र तुमची पंचाईत होईल.

मिस्सा. पहिल्या दिवशी दाराजवळच्या फळीवरून 'गोट्टेसलोब' हे जाड प्रार्थनापुस्तक उचला. भिंतीवर आकडे लागतात : वरचा गीताचा, त्यापुढचे कडव्यांचे. 380 दिसलं तर बहुधा शेवटचं उपकारस्तुतीचं गीत आलं. आकड्यांवरून पुस्तक चाळायला जमलं की निम्मी मिस्सा समजते, बाकीची क्रमानं समजतेच. हिवाळ्यात जुन्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, ऊब बेताचीच असते, कोट काढू नका. इंग्रजी मिस्सा मोठ्या शहरांत असतात, आणि केरळच्या नर्सेसमुळे मल्याळी मंडळीही बऱ्याच ठिकाणी आहे. मराठी मिस्साची आशा ठेवू नका.

रविवारी दुकानं बंद. दूध, भाजी, डायपर सगळं शनिवारी. अगदीच अडलं तर मोठ्या स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोलपंप, दर चढे. रविवारी ड्रिल चालवायचं नाही, आणि रिकाम्या बाटल्या काच गोळा करायच्या डब्यात टाकायच्या नाहीत. खण्णकन आवाज झाला की शेजारी बोलतात. खरी फजिती ईस्टरला होते : उत्तम शुक्रवार बंद, शनिवारी प्रचंड गर्दी, रविवार-सोमवार परत बंद. किराणा बुधवारीच भरा. नाताळात 24 तारखेला दुपारी दुकानं मिटतात, 25 आणि 26 पूर्ण बंद. आपल्यासारखी बारा वाजताची मिस्सा सगळीकडे नसते, वेळ देवळाच्या पत्रकात बघा. लहान मुलांची गोठ्याची भक्ती 24 ला दुपारीच असते. जागा हवी असेल तर अर्धा तास आधी जा.

6 जानेवारीच्या आसपास दारावरची घंटा वाजली आणि कागदी मुकुट घातलेली पोरं दिसली तर दार लावू नका. ती तीन राजांची, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या राजांच्या वेषातली, पोरं. गाणं म्हणतात, डबा पुढे करतात, दोन-पाच युरो टाकायचे; पैसे जगभरातल्या गरजू मुलांसाठी जातात. मग एखादं पोर खडूनं चौकटीवर लिहितं : वर्षाचे पहिले दोन आकडे, मधे सी, एम, बी, आणि शेवटी उरलेले दोन. 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याची ती आद्याक्षरं. साफसफाईत ते पुसू नका, वर्षभर राहू देतात.

आता फिरणं. डॉइचलँड-तिकीट घ्या : जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो, देशभरातल्या सगळ्या लोकल, बस, ट्राम आणि आरई-आरबी या प्रादेशिक गाड्यांना चालतं. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना चालत नाही. चुकून बसलात तर विनातिकीट. रद्द करायचं असेल तर 10 तारखेच्या आत, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे गेलेच.

कोलोनचं कॅथेड्रल स्टेशनच्या दारातच आहे. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्या स्टेशनातल्या लॉकरला द्या. बांधकाम 1248 ला सुरू झालं आणि 1880 ला संपलं. मुख्य वेदीमागची सोन्याची पेटी तीन राजांची, त्यांचे अवशेष 1164 मध्ये मिलानहून आणले. दक्षिण मनोऱ्याला 533 पायऱ्या, लिफ्ट नाही, जिना अरुंद गोल आणि त्याच वाटेनं उतरणारेही येतात, तेव्हा मुलीला पुढं ठेवा. रविवारी 10 च्या मिस्सावेळी पर्यटकांना फिरू देत नाहीत, म्हणून मिस्सालाच जा आणि बघणं नंतर.

आखेन आरई गाडीनं तासाभरावर. तिथल्या कॅथेड्रलमधलं सम्राट शार्लमेनचं सिंहासन मार्गदर्शकासोबतच दिसतं, तिकीट समोरच्या माहितीकेंद्रात आधी घ्यायची.

पण वसईच्या माणसानं एकदा तरी जावं ते केव्हेलारला. ड्युसेलडॉर्फहून आरई-10. 1642 पासूनचं यात्रास्थळ, आणि ज्यासाठी एवढी गर्दी ते मारियामातेचं छापील चित्र पोस्टकार्डाहून लहान, षटकोनी कपेलात (छोट्या प्रार्थनाघरात) काचेमागे. पाहायला बाहेरच्या खिडकीशी रांग लागते. ऑगस्टमध्ये तमिळ यात्रेकरूंचा दिवस असतो : रेशमी साड्या, मोठमोठ्या मेणबत्त्या, डब्यांतून भात. माउंट मेरीच्या जत्रेची आठवण यावी असा तो दिवस. त्या दिवशीच्या गाड्या खच्चून भरतात, सकाळची पहिली आरई पकडा, आणि परतीला संध्याकाळी सहाच्या आत स्टेशनावर या.