वाचकांचे प्रश्न : किनारा पाहायचा तर तिथी पाहून

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मुंबईकर वाचकांची असून ती सारी कोकण किनाऱ्याच्या सहलीविषयी आहेत. एकच शंका अनेकांनी विचारली असल्यास एकाच पत्राला उत्तर दिले आहे.

प्रश्न : गेल्या पौर्णिमेला सुटी होती म्हणून आम्ही अलिबागचा कुलाबा किल्ला पाहण्यासाठी सकाळी निघालो. दुपारी बाराच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचलो, तेव्हा किल्ल्याभोवती पाणीच पाणी होते. "आता संध्याकाळी या," असे तेथील लोकांनी सांगितले. मुले लहान असल्याने आम्ही किल्ला न पाहताच परतलो. ओहोटीची वेळ घरबसल्या आधी कशी कळेल?
एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : आपण नेमकी नको ती तिथी निवडलीत, आणि पौर्णिमेला सुटी असली म्हणजे आपल्यासारखीच अनेक कुटुंबे तेथे येऊन तशीच परत जातात. घरातील भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी दिलेली असते. तेवढ्यावरून भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब किनाऱ्यावरील लोकांच्या तोंडी आहे. शुद्ध पक्ष असो वा वद्य, तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती असते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा वाजता, म्हणजे मध्यान्हाच्या आसपास. ही वेळ दिवसाची तशीच रात्रीचीही असते, कारण दोन भरत्यांमध्ये सुमारे साडेबारा तासांचे अंतर असते, आणि भरतीपासून सव्वासहा तास पुढे किंवा मागे गेले की पूर्ण ओहोटी मिळते. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. 'पाऊण'चे इंगित एवढेच आहे. हा हिशेब ढोबळ असल्याने अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा, आणि निघण्यापूर्वी वर्तमानपत्रात किंवा मोबाइलवर त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक पाहून खात्री करून घ्यावी.

याचा अर्थ असा, की अमावास्येला आणि पौर्णिमेला कुलाबा किल्ल्याची वाट सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मोकळी होते. मुंबईहून सकाळी निघणाऱ्याला त्यातली एक वेळ गाठणे शक्य नसते, आणि दुसरी वेळ अंधारात परतायला लावणारी असते. हे उधाणाचे दिवस असल्याने पाणी पुष्कळ मागे हटते हे खरे, पण ते तितक्याच वेगाने परतही येते. याउलट अष्टमीच्या आसपास, ज्याला कोळी बांधव 'भांग' म्हणतात त्या दिवसांत, ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास असते खरी, परंतु पाणी फारसे हटत नाही आणि कधी कधी गुडघाभर पाण्यातून जावे लागते. म्हणून एका दिवसाची सहल करणाऱ्या मुंबईकराने चतुर्थी ते षष्ठी यांपैकी एखादा दिवस निवडावा, असे माझे मत आहे. त्या दिवसांत ओहोटी सकाळी नऊ ते साडेदहाच्या दरम्यान पूर्ण होते. पाणी उतरू लागले की घोडागाड्याही किल्ल्यापर्यंत जातात, त्यामुळे मुलांचीही सोय होते. शिवाजी महाराजांनी उभारणीला आरंभ केलेल्या आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झालेल्या या किल्ल्यात गोड्या पाण्याचा साठा आणि सिद्धिविनायकाचे मंदिर असून ते सारे निवांत पाहण्यास तास-दीड तास पुरतो. पाणी वळू लागले, की किल्ल्यातील उरलेले बुरूज पाहण्याचा मोह सोडून परत फिरावे.

आपण मुलांच्या पोहण्याविषयी विचारलेले नाही, तरीही सांगतो. ओहोटी लागलेली असताना समुद्रात उतरू नये, कारण त्या वेळी पाण्याची ओढ बाहेरच्या दिशेने असते आणि चांगला पोहणाराही तिच्यापुढे थकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले विद्यार्थी बुडाले, ते अशाच शांत दिसणाऱ्या समुद्रात.

प्रश्न : जानेवारीत पाच दिवसांची रजा मिळत आहे. आम्ही सहा जण आहोत. सासू-सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली आहे आणि दोन मुले शाळेत जातात. स्वतःच्या गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने अलिबाग, मुरुड-जंजिरा, दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण आणि तारकर्ली असे करावयाचे ठरवले आहे. क्रम कसा ठेवावा आणि मुक्काम कोठे करावेत?
एक वाचिका, दादर

उत्तर : क्रम आपण बरोबर लावला आहे, गावे मात्र दुप्पट झाली आहेत. नकाशावर किनारा सरळ दिसतो, पण सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी तो जागोजागी खाड्यांनी तोडलेला आहे. कुंडलिकेवर रेवदंड्याला पूल आहे. त्यापुढे राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी आणि शास्त्रीची जयगड खाडी या चारही ठिकाणी गाडीसकट फेरीबोटीत चढून पलीकडे जाणे सोयीचे ठरते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड या त्या जलफेऱ्या होत. पाण्यावरचा प्रवास थोड्या मिनिटांचा असतो, परंतु बोट नुकतीच सुटली असेल तर थांबावे लागते आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. घाटवळणांचे अरुंद रस्ते, ज्येष्ठांसाठी मध्ये मध्ये करावयाचे थांबे आणि जेवणाचा वेळ हे सारे धरले, तर एका दिवसात एकच खाडी ओलांडावी, हे प्रमाण मी ठेवतो. त्या हिशेबाने पाच दिवसांत आपला प्रवास गुहागरपर्यंत होतो. तेथून चिपळूणला जाऊन महामार्गाने परतावे आणि पुढचा किनारा दुसऱ्या सहलीसाठी ठेवावा. मालवणसाठी तर गाडी नेण्याचीही गरज नाही. रात्री मुंबईहून कोकणकन्या किंवा दादरहून तुतारी एक्सप्रेस पकडली, की सकाळी कुडाळला उतरता येते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि सुटीच्या दिवसांतील जागा लगेच संपतात. (कोकण रेल्वेच्या खिडकीतून समुद्र दिसेल या आशेने मुलांना जागे ठेवू नये. महाराष्ट्रातील तिचा मार्ग किनाऱ्यापासून बराच आत, बोगद्यांतून आणि पुलांवरून जातो.)

आता तिथीचा विचार. वर पार्ल्याच्या वाचकांना सांगितलेला हिशेब आपणही लावावा आणि शक्य असल्यास पंचमीला निघावे. त्या दिवशी ओहोटी साडेनऊच्या सुमारास पूर्ण होते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडी चढवता येते आणि तासाभराच्या त्या प्रवासात ज्येष्ठांना हातपाय मोकळे करता येतात. पण पहिल्या फेरीने अलिबागला वेळेत पोहोचता येईल का, हे आरक्षण करतानाच पाहावे. ते जमत नसेल, तर पहाटे निघून अटल सेतूने जावे. कुलाबा किल्ला पाहून दुपारी चौल-रेवदंड्याकडे वळावे. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटबंदीतून गावातला रस्ता जातो आणि खाडीपलीकडील कोर्लईत अजूनही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली बोलली जाते, हे मुलांना आवर्जून सांगण्यासारखे आहे. मुक्काम काशीद किंवा मुरुडला करावा. जागा ठरवताना मुरुड कोणते, हे मात्र तपासून घ्यावे. एक मुरुड रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ आहे आणि दुसरे रत्नागिरी जिल्ह्यात हर्णैजवळ. एका मुरुडात पैसे भरून दुसऱ्या मुरुडात पोहोचलेले कुटुंब माझ्या पाहण्यात आहे.

षष्ठीला सकाळी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहता येईल. सासू-सासऱ्यांना मात्र या होडीत बसवण्याचा आग्रह धरू नये. किल्ल्याच्या दरवाजाशी हलत्या होडीतून दगडी पायऱ्यांवर पाय टाकावा लागतो, आणि नावाड्यांनी हात दिला तरी गुडघे दुखणाऱ्यांना ते कठीण जाते. सिद्दींचा हा किल्ला किनाऱ्यावरूनही संपूर्ण दिसतो. दुपारी आगरदांड्याहून दिघीला जाऊन दिवेआगरला थांबावे. येथे नारळ-पोफळीच्या वाड्यांमधील घरगुती निवासांत जेवण सांगून ठेवावे लागते. आदल्या संध्याकाळी फोन केला नाही, तर उकडीचे मोदक मिळणार नाहीत.

सप्तमीचा दिवस हरिहरेश्वरचा. दिवेआगरहून श्रीवर्धनपर्यंतचा समुद्राला लागून जाणारा रस्ता हा माझ्या मते या सबंध सहलीतला सर्वांत सुंदर भाग आहे, तेव्हा तेथे घाई करू नये. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराच्या समुद्राकडील कातळावरून जाते आणि ती केवळ ओहोटीतच करावी. सप्तमीला ओहोटी अकराच्या सुमारास पूर्ण होत असल्याने आपल्याला ती वेळ सहज साधेल. लाटांनी खडकाला पाडलेली जाळी आणि कंगोरे पाहताना पाठ समुद्राकडे करून छायाचित्रे काढू नयेत, कारण अचानक आलेल्या लाटेने माणसे ओढली गेल्याच्या घटना तेथे घडलेल्या आहेत. दुपारी बागमांडल्याहून वेसवीला उतरून केळशीमार्गे आंजर्ले किंवा हर्णै गाठावे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो आणि समोर सुवर्णदुर्ग उभा असतो.

अष्टमीला दाभोळहून धोपाव्याला जाऊन गुहागरला सामान टाकावे आणि चारच्या सुमारास हेदवीला निघावे. आतापर्यंत आपण ओहोटी शोधत होतो, येथे मात्र भरती हवी. हेदवीच्या किनाऱ्यावर कातळात 'बामणघळ' नावाची अरुंद भेग आहे. भरतीचे पाणी तिच्यात शिरले की कोंडून उंच उसळते. अष्टमीची भरती हिशेबाने सहाची, आणि दक्षिणेकडे ती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, म्हणजे सूर्यास्तापूर्वीच आपल्याला ते दृश्य दिसेल. भांगाचे दिवस असल्याने उधाणाइतके पाणी उसळणार नाही, एवढी उणीव या बेतात राहते. ती मला टाळता आलेली नाही. सासू-सासऱ्यांनी तोवर वरच्या दशभुज गणेशाचे दर्शन घेऊन तेथेच बसावे. घळीच्या कडेचा खडक निसरडा असतो.

प्रश्न : जुलैमध्ये मालवणकडील निवासांचे दर निम्म्यावर येतात. तेव्हाच जाऊन सिंधुदुर्ग किल्ला आणि स्कूबा डायव्हिंग उरकून घ्यावे, असा विचार आहे. योग्य होईल का?
एक वाचक, मुलुंड

उत्तर : नाही. पावसाळ्यात ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या आणि स्कूबा दोन्ही बंद असतात, आणि दर निम्मे होण्याचे कारणही तेच आहे. १६६४ साली कुरटे बेटावर पायाभरणी झालेला तो किल्ला आपल्याला मालवणच्या किनाऱ्यावरून पावसाच्या पडद्याआड पाहावा लागेल. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असल्याने, ज्यासाठी निम्मे लोक मालवणला जातात, ती ताजी मासळीही ताटात विरळाच असते. पाऊसच पाहावयाचा असेल तर आंबोलीला जरूर जावे. समुद्रासाठी नोव्हेंबरची वाट पाहावी.

प्रश्न : वेळासला कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना मुलांना दाखवायची आहेत. कोणत्या तारखेला जावे?
एक वाचिका, बोरिवली

उत्तर : तारीख कासवांनाच ठाऊक. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. गावातील कार्यकर्ते ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यांत हलवतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन हे काम सुरू केले. पिल्ले बहुधा फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत निघतात, म्हणून मार्चमधील दोन रात्रींचा मुक्काम ठेवावा. एका मुक्कामात पिल्ले दिसतीलच असे नाही आणि खड्ड्यांवर झाकलेल्या टोपल्या रिकाम्या पाहून परतलेली मुले हिरमुसतात. सकाळी आणि संध्याकाळी, अशा दोन्ही वेळा टोपल्या उघडून पाहिल्या जातात. राहण्याची सोय ग्रामस्थांच्या घरीच असते आणि जेवणही तेथेच मिळते.

मुलांना निघण्यापूर्वीच काही गोष्टी सांगून ठेवाव्यात. दोरीच्या आत जाऊ नये, पिल्लांना हात लावू नये आणि मोबाइलचा प्रकाशझोत टाकू नये, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. वाळू अधिक तापलेली असेल तर माद्या जास्त निपजतात आणि थंड असेल तर नर, हे ऐकल्यावर मुलांचे प्रश्न सुरू होतील. कार्यकर्ते त्यांना कंटाळत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

रस्त्याविषयी एक सूचना. वेळास हे गाव मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळ आहे आणि नाना फडणवीसांचे गाव म्हणूनही ते ओळखले जाते. श्रीवर्धन तालुक्यातही वेळास नावाचा किनारा आहे, तेव्हा मोबाइलवर नुसते 'वेळास' लिहून निघू नये. श्रीवर्धनकडून येत असल्यास बागमांडला-वेसवी फेरीबोटीने यावे, आणि संध्याकाळची शेवटची बोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशीच मुक्कामाच्या घरी फोन करून विचारून घ्यावे.