जोते लाल पूररेषेच्या वर आहे असे सांगितले जाते. अशा नव्या प्रकल्पात फ्लॅट घ्यावा का?

आपण विचारले आहे की, कोल्हापुरात निळ्या (सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) आणि लाल (100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या) पूररेषेच्या मधल्या पट्ट्यात एका नव्या प्रकल्पात फ्लॅट पाहिला आहे, 'जोते लाल रेषेच्याही वर घेतले आहे आणि परवानगी रीतसर आहे' असे बिल्डर सांगतो, तर त्यावर विश्वास ठेवावा का, आणि पुढे विकायची वेळ आली तर किंमत येईल का. विश्वास ठेवायला हरकत नाही, बिल्डर बहुधा खरेच बोलत असेल. तो ज्याबद्दल बोलत नाही त्याबद्दल मी लिहितो, कारण रस्ते आणि पाण्याचा निचरा हेच माझे काम आहे आणि नेमक्या याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या साडूंचा वाद अजून मिटलेला नाही.

राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळू शकते. अट एवढीच की ते लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर उंच असावे. म्हणजे फाइलमध्ये तपासले जाते ते जोते. त्या जोत्यापासून मुख्य रस्त्यापर्यंतचा पोहोच रस्ता कोणत्या पातळीवर आहे, हे परवानगीच्या टप्प्यावर कोणी विचारल्याचे माझ्या कामात मला आढळलेले नाही.

साडू बांधकाम परवानग्यांची कामे करतात. 2019 च्या आधी त्यांच्या हातात नदीच्या बाजूचा एक प्रकल्प होता. त्याचा निचऱ्याचा अहवाल आणि वाहतुकीचा अहवाल असे दोन्ही माझ्याकडे आले, पण दोन वेगळ्या फाइलींत, जणू पाणी आणि गाड्या दोन वेगवेगळ्या गावांत असतात. वाहतुकीची मोजणी फेब्रुवारीत झाली होती. सकाळच्या गर्दीच्या तासात किती वाहने वाढतील आणि चौकात किती वेळ थांबावे लागेल, याचे आकडे व्यवस्थित बसले. निचऱ्यासाठी पातळ्या घेतल्या तेव्हा लक्षात आले की मुख्य रस्त्याकडून आत येताना ओढ्यापाशी रस्ता खाली उतरतो आणि तिथली पातळी लाल रेषेच्या एक मीटरहून अधिक खाली आहे. मी दोन्ही अहवालांत एकच परिच्छेद लिहिला: पूर लाल रेषेपर्यंत पोहोचण्याच्या बराच आधी हा रस्ता बंद होईल, म्हणून ओढ्यावरची नळकांडी मोरी (रस्त्याखालून पाणी जायला नळ टाकून केलेली वाट) काढून तिथे रुंद गाळ्यांची मोरी बांधावी आणि रस्ता उचलावा. साडूंनी बैठकीत सर्वांसमोर सांगितले, "रस्ता आपल्या हद्दीबाहेर आहे, तो महापालिकेचा प्रश्न. आपण आपल्या प्लॉटपुरते लिहा." अंतिम प्रतीत तो परिच्छेद राहिला नाही.

ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली. तिथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तो आकडा कळतो. त्या इमारतींच्या राहत्या मजल्यांवर पाणी गेले नाही. मात्र पार्किंगमध्ये ते छातीएवढे होते. मीटरची पेटी, पंप आणि जनरेटर सगळे तिथेच होते. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी उतरल्यामुळे लिफ्ट बंद पडली. जमिनीखालच्या टाकीत पुराचे पाणी शिरले, आणि शहराची पाणी उपसा केंद्रे बंद असल्यामुळे नळालाही पाणी नव्हते. चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांना डायलिसिससाठी न्यायचे होते. त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार जणांनी जिन्यावरून खाली आणले आणि पार्किंगच्या खांबाला दोरीने बांधलेल्या रबरी बोटीत, खुर्चीसकट, ठेवले. बोट जिथे तळाला घासली आणि सर्वांना उतरावे लागले, ते ठिकाण मुख्य रस्त्यालगत, मी उचलायला सांगितलेल्या भागाच्या अगदी पलीकडे होते. साडू आजही प्रत्येक लग्नकार्यात ऐकवतात की एकाही घरात पाणी शिरले नव्हते. हे विधान शंभर टक्के खरे आहे, आणि म्हणूनच मला त्याचा संताप येतो.

पंचगंगेचा पूर हळू चढतो आणि हळूच उतरतो. नदीला उतार कमी, पुढे नृसिंहवाडीला कृष्णेत तुंब असली की इकडचे पाणी हलत नाही, आणि शहरातल्या नाल्यांमध्ये नदीचा फुगवटा उलटा चढतो. त्यामुळे इथे पाणी किती उंच आले याइतकेच ते रस्त्यावर किती दिवस राहिले हे महत्त्वाचे ठरते. घर कोरडे असूनही दूध, औषध, पिण्याचे पाणी आणि वीज यांपैकी काहीच पोहोचत नसेल, तर तिसऱ्या दिवशी माणसे स्वतःहून बोट मागवतात. राष्ट्रीय महामार्गाचीही हीच गत आहे: शिरोलीजवळ पाणी आल्यामुळे पुणे-बंगळूरु महामार्ग 2019 मध्ये बंद पडला आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा बंद पडला.

भरावाचे गणितही सांगतो, कारण विक्री कार्यालयात ते कधी निघत नाही. एका एकरावर दोन मीटर भराव टाकला म्हणजे पुराच्या पाण्याची सुमारे 8,100 घनमीटर, म्हणजे 81 लाख लिटरची जागा गेली. एका प्लॉटने नदीची पातळी मोजण्याइतकी वाढत नाही, हा साडूंचा युक्तिवाद बरोबर आहे. पण प्रत्येक प्लॉटचा मालक तेच म्हणतो, आणि भरावाशेजारच्या जुन्या बैठ्या घरांना पावसाचे तुंबलेले पाणी पहिल्या वर्षापासूनच सोसावे लागते. आमच्याकडे पूर आला की चर्चा थेट कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावर जाते, भराव घेऊन वेशीवर उभ्या डंपरकडे कोणी बघत नाही. इंग्लंडमध्ये पूरक्षेत्रात नवे बांधकाम मंजूर करताना पुराच्या वेळी सुरक्षित ये-जा कशी होईल हे दाखवावे लागते, आणि भरावाने गेलेली जागा त्याच पातळीवर दुसरीकडे उकरून द्यायला सांगितले जाते. तिथेही पळवाटा काढणारे आहेतच, पण निदान हा प्रश्न फाइलमध्ये असतो.

तेव्हा आपण बिल्डरकडून जोत्याच्या पातळीबरोबर पोहोच रस्त्यावरच्या सर्वांत खोल जागेची पातळी लेखी मागा, आणि दोन्ही पातळ्या एकाच संदर्भबिंदूपासून मोजलेल्या आहेत याची खात्री करा. 2019 आणि 2021 मध्ये त्या जागी पाणी किती दिवस होते, हे तिथल्या दूधवाल्याला विचारा. साहेबांच्या नोंदीपेक्षा त्याचे उत्तर अधिक नेमके असते. ट्रान्स्फॉर्मर, मीटर, जनरेटर आणि पाण्याची टाकी कुठे आहे ते पाहा. 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी निर्धास्त होऊ नका: 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात लाल रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे 18 टक्के आहे आणि निळ्या रेषेपर्यंतच्या पुराची सुमारे 56 टक्के. आपला रस्ता निळ्या रेषेच्याही खाली असेल, तर तो किती वेळा बुडेल हे वेगळे सांगायला नको.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आपला प्लॉट मी पाहिलेला नाही. हे सगळे संथ पुराच्या नदीला लागू आहे. पुण्यात सप्टेंबर 2019 मध्ये आंबिल ओढ्याला आला तसा काही तासांचा लोंढा असेल, तर पाण्याचा वेग हाच मुख्य धोका असतो आणि तिथे माझा सल्ला वेगळा असेल. घरात तरुण माणसेच असतील आणि पाणी 39 फुटांवर जाताच बॅग भरून नातेवाइकांकडे जायची तयारी असेल, तर स्वस्तात मिळणारा असा फ्लॅट घेणारा माणूस वेडा नव्हे. वृद्ध आई-वडील सोबत राहणार असतील तर मी घेणार नाही. पुनर्विक्रीच्या किमतीबद्दल साडूंना विचारावे लागेल, ते माझे क्षेत्र नाही.

आणि 'रस्ता आमच्या हद्दीबाहेर आहे' असे उत्तर विक्री कार्यालयातून आले, तर त्यांना एवढेच विचारा की जाहिरातीत 'मुख्य रस्त्यापासून दोन मिनिटांवर' असे छापताना तोच रस्ता हद्दीत कसा येतो.